दाराआडचे दोन बांबू

वाशीतले आमचे मंडप आणि भांडी भाड्याने देण्याचे दुकान १९८७ सालची लग्नसराई संपल्यावर विकले गेले. घेणारे हरेश्वर म्हात्रे, नेरुळकडच्या सारसोळ्याचे. बोलणी झाल्यापासून किल्ल्या त्यांच्या हातात जाईपर्यंत जो वेळ गेला, तो दोन बांबूंमुळे गेला. भावावरून वाद झाला नाही.

त्याआधी मी मुंबईत एका दैनिकात उपसंपादक होतो. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर ते दैनिक बंद पडले. त्या सुमारास खाडीपलीकडच्या नव्या शहरात गाळे मिळत होते आणि घ्यायला कोणी पुढे येत नव्हते. माझी पत्नी नलिनी हिच्या मामांचे दादरला भांड्यांचे दुकान होते. ती म्हणाली, "माणसं राहायला आली की लग्नं होतील. लग्नं झाली की टोप लागतील." अंदाज बरोबर निघाला, फक्त तो काही वर्षे लवकर बांधला होता. पहिल्या दोन हंगामांत आमच्या खुर्च्यांवर मुख्यतः मीच बसलो.

या धंद्याविषयी बाहेरच्या माणसाला वाटते की कापड ताणले की मंडप झाला. मंडप कापडावर नव्हे, गाठीवर उभा राहतो. काथ्याची दोरी आधी पाण्यात भिजवायची, ओलीच बांधायची. वाळताना ती आवळते आणि बांबूला धरून ठेवते. गावात बांबूसाठी खड्डा खणतात. वाशीत नव्या डांबरी रस्त्याला कुदळ लावायची मनाई होती, म्हणून आम्ही वाळूने भरलेल्या डब्यांत बांबू उभे करत असू. वाऱ्याच्या दिवशी प्रत्येक गाठ हाताने चाचपावी लागते. ते काम खुर्चीवर बसून होत नाही. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

भांड्यांचे काम त्यामानाने सोपे. परत आलेल्या टोपाचे बूड पाहिले की कार्य कसे झाले ते कळते. बूड करपलेले असेल तर एकतर बासुंदी होती किंवा ऐनवेळी व्याह्यांचे भांडण झाले आणि आचारी ते ऐकत उभा राहिला.

माझ्याबरोबर सुरुवातीपासून बबन होता. जालन्याकडचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. तो बांबूवर चढे आणि मी खालून सांगे. मी काय सांगतो हे तो ऐकत नसे आणि मंडप सरळ उभा राही.

त्या वर्षांतला एक प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. शेजारशेजारच्या दोन सेक्टरांत एकाच मुहूर्तावर दोन लग्ने होती. इमारती एका साच्यातल्या, मैदाने सारखी आणि दोन्ही मंडप माझे, म्हणजे कापडही सारखेच. सोलापूरकडून वऱ्हाडाची एक बस आली आणि चुकीच्या मंडपासमोर उभी राहिली. पाहुणे उतरले, त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडले गेले, ते मुहूर्ताआधीच्या पहिल्या पंगतीला बसले. मुलीकडच्यांना वाटले हे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटले मुलीकडचे. लग्नात अनोळखी माणूस नेहमी पलीकडच्या बाजूचा असतो, त्यामुळे कोणी कोणाला विचारले नाही. जिलबी वाढून झाल्यावर त्या बसमधल्या एक आजीबाई नवरीकडे पाहून शेजारणीला म्हणाल्या, "आपली सुमी एवढी उंच कधी झाली गं?"

शेजारीण म्हणाली, "आजी, हिचं नाव सुमी नाही."

"मग आम्ही जेवलो कुणाचं?"

दुसऱ्या मंडपात तोवर नवरीचा मामा पोहोचलेला नव्हता, कारण तो या पंगतीत होता. मुहूर्त थोडा पुढे गेला. संध्याकाळी दोन्ही घरचे कर्ते दुकानात आले. एकाचे जेवण कमी पडले होते, दुसऱ्याचे उरले होते. दोघांचे एकमेकांबद्दल काहीच म्हणणे नव्हते. दोघांनाही दोषी मी सापडलो. तेव्हापासून मी निम्म्या मंडपांना हिरवी झालर लावली.

आता त्या बांबूंबद्दल.

दुकानाच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी एक गृहस्थ आले. त्यांनी खुर्च्यांचा भाव विचारला. किती हव्यात म्हटले तर त्यांना सांगता येईना. मग त्यांनी पातेल्यांचा भाव विचारला. मग भिंतीला टेकलेल्या बांबूंकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "वडील गेले. आम्ही नांदेडचे. इथं कुणाला विचारायचं असतं?"

गावात मयत झाले तर हे विचारावे लागत नाही. माणसे आपणहून येतात. कोणी बांबू तोडायला जातो, कोणी मडके आणतो, कोणी पुढे जाऊन लाकडे लावून ठेवतो. नव्या शहरात शेजाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीवर वाचावे लागत होते. कुंभार नव्हता. स्मशान जुन्या गावाचे होते आणि तिकडची वाट माहीत असलेला माणूस शोधावा लागे. त्या गृहस्थांना रस्त्याने येताना बांबू दिसले ते फक्त आमच्या दुकानात. मी दोन बांबू दिले. बबन त्यांच्याबरोबर गेला आणि तिरडी बांधून आला.

त्यानंतर लोक येत राहिले. सगळे आधी खुर्च्यांचा भाव विचारत. नियम कोणी केले नाहीत, पण ते होत गेले. मयताचे बांबू वेगळे ठेवायचे, आतल्या दाराआड. ते मंडपाला लावायचे नाहीत. त्यांचे भाडे नाही आणि ते परत येत नाहीत. आणि त्या गिऱ्हाइकाला निघताना "या" म्हणायचे नाही. दुकानदाराच्या जिभेला ते वळण पडलेले असते. बबन पत्ता चुकून आलेल्या पोस्टमनलाही "या" म्हणत असे. पण त्या माणसांच्या वेळी आम्ही दोघे गप्प उभे राहत असू. तीही "येतो" न म्हणता जात.

हे बांबू हिरवे आणावे लागतात. वखारीतून आणले की दाराआड उभे राहून ते हळूहळू पिवळे पडत. पिवळे पडले, म्हणजे मधल्या काळात सेक्टरात कोणी गेले नाही. बबन झाडताना दाराआड पाही आणि कधी कधी म्हणे, "भाऊ, बरं चाललंय." अगदी वाळून तडकले की नवे आणायचे. जुने मागच्या बाजूला पडून राहत, कारण बांबू जाळायचा नसतो.

हरेश्वर म्हात्रे प्रथम आले ते गिऱ्हाईक म्हणून. थोरल्या मुलीची हळद होती. आगरी गावातल्या हळदीला गाव जेवते आणि पाहुण्यांची गावे वेगळी. सारसोळ्यात गावकीची भांडी होती, पण ती पुरणार नव्हती. दोन दिवसांनी म्हात्रे टेम्पो घेऊन भांडी परत द्यायला आले. चिंच आणि राखेने घासलेले टोप आम्ही नवे घेतले तेव्हाही इतके चमकत नव्हते.

"काय पेपरवाले," ते म्हणाले, "तुमचा टोप तुमाला वलखतंय का?"

मी पूर्वी वर्तमानपत्रात होतो हे त्यांना बबनने सांगितले होते. तेव्हापासून मी त्यांचा पेपरवाला झालो. म्हात्र्यांची शेती शहरासाठी गेली होती. पुढे त्यांनी विटा-रेतीचा धंदा केला. त्यांना गप्पांची आवड होती आणि माझ्या खुर्च्या रिकाम्या असत, त्यामुळे येणे-जाणे राहिले.

१९८६च्या हंगामात माझी कंबर गेली. पडलो नाही, काही झाले नाही. एका सकाळी शिडीवर पाय ठेवला आणि तो उचलता येईना. डॉक्टर म्हणाले, शिडी सोडा, वजन सोडा, बसून धंदा करा. एक हंगाम मी तसा केला. मी खाली स्टुलावर बसून गाठी पाहत होतो आणि मला त्या दिसत नव्हत्या, कारण गाठ डोळ्यांना दिसत नाही. रोज संध्याकाळी घरी गेल्यावर कोणता मंडप रात्री पडेल याचा विचार करत मी जेवत असे. एकही पडला नाही. थकवा मात्र पडल्यासारखाच येई.

मुलगी लग्न होऊन बडोद्याला होती. बबनला विचारले, दुकान घेतोस का. तो म्हणाला, "भाऊ, वर चढायला सांगा. गल्ल्यावर नको." नेरुळला तळमजल्यावर एक घर पाहिले होते. दुकान विकल्याशिवाय ते घर आमचे होणार नव्हते. नलिनीची घराबद्दल एकच मागणी होती. ती म्हणाली, "टोपांचा आवाज येणार नाही अशी खोली पाहिजे मला. बाकी कशीही असू दे."

म्हात्रे दुकान मुलासाठी घ्यायला तयार झाले. गाळा, माल, नाव, सगळे. बोलणी एका बैठकीत झाली. ताबा देण्याच्या आधी ते माल पाहायला आले. टोप वाजवून पाहिले, कनाती उलगडल्या, बांबू हाताने पारखले. प्रत्येक भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी आमचे नाव घातलेले होते. मी म्हटले, ते घासून काढायला माणूस सांगतो.

"राहू दे," म्हात्रे म्हणाले. "टोप काय नाव वाचून शिजवतंय?"

मग त्यांनी आतले दार पुढे ओढले.

"आनि ये दोन कशाला?"

मी सांगितले. त्यांनी बांबूवर ठेवलेला हात काढून घेतला आणि धोतराला पुसला.

"पेपरवाले, पोराचे धंद्याची सुरवात हाय. लग्नाचे दुकानान मयताचा बांबू उभा कराचा नाय. ये आजच काढून टाका."

"मग लोकांनी जायचं कुठे?"

"आमचे गावान दुकानान्शी कोन आनतंय? गाव जातंय, तोरून आनतंय."

"इथं गाव नाही, म्हात्रे."

"म्हनून मी काय कराचं? तुमी बसवला का यो शेर? मी बसवला?"

मी म्हणालो, बांबू राहणार असतील तरच दुकान देईन. ही अट बोलण्यांत नव्हती. ती मी त्या क्षणी घातली. म्हात्रे "मंग बघू" म्हणाले, आणि चपला घालून गेले.

घरी गेल्यावर नलिनीला सांगितले. ती भाजी निवडत होती.

"दुकान विकताय, मुलगी देत नाही आहात. अटी कसल्या घालता?"

"इतकी वर्षं ठेवले आहेत."

"तुम्ही ठेवलेत. त्यांनी का ठेवावेत? त्यांच्या मुलाचं तोंड पाहिलंत का तुम्ही? हौसेनं बोर्डाचे रंग ठरवतोय तो." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि तुम्हाला तरी ते बांबू आता उचलतात का?"

उचलत नव्हते. तिचे कोणतेच म्हणणे चूक नव्हते. दुसरे गिऱ्हाईक चेंबूरचे होते. त्याला नुसता माल हवा होता, गाळा नको होता. त्याला माल दिला असता तर घराचे पैसे पुरे पडले नसते आणि वाशीत बांबूही राहिले नसते. नेरुळहून निरोप आला की घराचे लवकर कळवा, दुसरे लोक पाहून गेले आहेत. मी आठवडाभर दुकानात बसून राहिलो. लग्ने संपली होती. बबन कनाती धुऊन वाळत घालत होता. दाराआडचे बांबू पिवळे पडू लागले होते.

म्हात्रे परत आले ते दुपारी. पांढरा शर्ट, पांढरे धोतर. कुठल्या तरी बैठकीहून आले असावेत. बबन तुर्भ्याला एका पूजेचा मंडप सोडायला गेला होता. म्हात्रे समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, पोरगा रोज विचारतो, काय ते एकदा तोडून सांगा. मी उत्तर देण्याआधी एक माणूस आत आला. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट होता.

"खुर्च्या कशा आहेत?" त्याने विचारले.

"किती पायजेत?" म्हात्र्यांनीच विचारले. धंदा मनाने त्यांचा झालाच होता.

माणूस भांड्यांच्या मांडणीकडे पाहत राहिला. "आणि टोप?"

मी उठलो. विचारले, "कोण गेलं?"

"आई." तो म्हणाला. "मी वाघमारे. मागच्याच इमारतीत. रबाळ्याला कामाला आहे. गाव बीडकडं. भाऊ निघालेत तिकडून, पण..."

मी दाराआड गेलो. एक बांबू धरला आणि उभा केला. तो तिरपा होऊ लागला तसा मी त्याच्याबरोबर वाकलो आणि दाराला धरून थांबलो. वाघमारे धावले, पण तोवर तो हातातून सुटला होता. बांबू भिंतीला घासत खाली आला.

म्हात्रे खुर्चीत बसून होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्या माणसाकडे. मग उठले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि मला म्हणाले, "सरका तुमी. कोयता खै हाय?"

त्यांनी बाहेर फुटपाथवर बसून मंडपासाठीचा एक बांबू फोडला, आडव्या कामट्या काढल्या, दोरी तोडली.

"मरकं?" त्यांनी वाघमाऱ्यांना विचारले.

"मडकं नको. आम्ही बौद्ध आहोत. मेणबत्त्या आणल्यात."

"बरं." मग त्यांनी विचारले, "खांद्याला मानसं हाईत का?"

"इमारतीतले दोघं आहेत. तिसरे कामावरनं येतील."

"तं मी हाय." म्हात्र्यांनी बांबू खांद्यावर घेतले. वाघमाऱ्यांनी कामट्या उचलल्या. दोघे मागच्या इमारतीकडे गेले. कोणी "या" म्हणाले नाही, "येतो"ही म्हणाले नाही. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो.

म्हात्रे उन्हे कलल्यावर परतले. दुकानात शिरले नाहीत. बाहेरच्या नळावर हातपाय धुतले आणि पायरीच्या खाली, फुटपाथच्या कडेला बसले. शर्टाच्या खांद्यावर बांबूचा पिवळा भुगा होता.

"आत या," मी म्हणालो.

"आंगोल नाय केली. आत नाय येत." ते पाणी प्यायले. नंतर म्हणाले, "म्हातारी हलकी व्हती. पोराला रबाल्याशी बोलावला तवा ती व्हती म्हने. यो बसला नि ती गेली."

म्हात्रे उठून गाळ्याच्या कडेने मागे गेले. मागच्या भिंतीला पत्र्याची लहान पडवी होती. तिथे आम्ही वाळूचे डबे ठेवत असू. त्यांनी भिंत पाहिली, दार कुठे उघडते ते पाहिले, दोन डबे पायाने सरकवले आणि परत आले.

"दुकानान नाय," ते म्हणाले. "मागचे भिंतीला, भायेरशी. पत्र्याखाली. तिकरं दुकानाचा दार नाय, त्याचा इटाल दुकानाला नाय. चालल का?"

"चालेल."

"आनि पोराला मी सांगन. तुमी नको सांगू. तुमी सांगाल नि पेपरान छापल्यासारखा बोलाल."

ताबा त्याच महिन्यात दिला. बबन दुकानाबरोबर राहिला. किल्ल्या देताना म्हात्र्यांनी आमचे नेरुळचे घर नेमके कुठे आहे ते विचारले. मी खुणा सांगितल्या. ते हसायला लागले. म्हणाले, तिथे त्यांचे भाताचे खाचर होते, पावसाळ्यात गुडघाभर चिखल असे.

"म्हंजी माझे खाचरान तुमी रिटायर व्हनार," ते म्हणाले, "नि तुमचे दुकानान मी धंदा करनार. बरा हाय. कंबर सांबाला. थं माती लय धरते."

नेरुळच्या घरात टोपांचा आवाज येत नाही. पहिले काही महिने मी सकाळी लवकर उठून बसत असे आणि कुठे जायचे नाही हे लक्षात आल्यावर चहा करत असे. लग्नसराईत समोरच्या मैदानात मंडप उभा राहतो. नलिनी खिडकी लावून घेते. मी एकदा खाली जाऊन एक गाठ चाचपली, मंडपवाल्याने विचारले, "काका, काय पायजे?" मी म्हटले, काही नाही.

१९८९ साली दिवाळीच्या आधी वाशीला खरेदीसाठी गेलो होतो. दुकानावर नवा बोर्ड आहे, निळा आणि पिवळा. बबन वखारीत गेला होता. म्हात्र्यांच्या मुलाने चहा मागवला. बाहेर धुऊन पालथे घातलेले टोप होते. त्यांवर आमचे नाव तसेच आहे. निघताना तो "या काका" म्हणाला.

बसथांब्याकडे जाताना मी मागच्या गल्लीने गेलो. पत्र्याखाली, भिंतीला टेकून, दोन बांबू उभे होते. दोन्ही हिरवे होते.